पहिलं माप

आई, ही हाक मी तुला आता, तू गेल्यावर, पुन्हा मारते आहे. लहानपणीची पहिली काही वर्षं सोडली तर तू होतीस तोवर घरी मी तुला मामी म्हणत होते आणि शाळेत बाई. आज इतक्या वर्षांनी कागद पुढे ओढून बसले तर पहिला शब्दच दोनदा लिहून खोडला. लाखनी गावची आत्या, जिला मी आई म्हणत लहानाची मोठी झाले, ती गेल्या महिन्यात गेली. पिकलं पान होतं, फार हाल न होता गेली. मी तिचं सगळं मुलीसारखं केलं, मुलगीच होते तिची, आणि तिच्यासाठी रडले ते रडणंही खरं होतं. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, भाड्याची भांडी परत गेली, आणि रिकाम्या ओसरीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आता मी जिला आई म्हणावं असं कोणीच राहिलेलं नाही. आणि तुला आई म्हटलं तर वाईट वाटून घेणारंही कोणी राहिलेलं नाही. म्हणून हे आज लिहिते आहे. नाहीतर हे लिहायचं धाडस मी आत्याच्या हयातीत केलं नसतं, तुला माहीतच आहे मी किती भित्री ते.

बाबा गेले तेव्हा मी शाळेत जायला लागले होते आणि माझी धाकटी बहीण, लहानी, अजून तुझ्या कडेवरून उतरत नव्हती. तुला मास्तरणीची नोकरी होती, सिहोऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यात, चौथीपर्यंतची शाळा, भाड्याच्या दोन खोल्या. त्या उन्हाळ्यात आत्या आली. तिला मूल नव्हतं. हायवेला लागून किराणा दुकान होतं, घर होतं, घरात रेडिओ होता, आणि मूल नव्हतं. तुम्ही दोघी चुलीपुढे बसून बोलत होतात आणि मी दाराशी बसून चिंचोके खेळत होते. "एक मले दे, वयनी," आत्या म्हणाली, "दोघींले एकटीनं कशी पोसशील? माहं घर खायले उठते." तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. पण आत्यानं पिशवीतून फ्रॉक काढला, पिवळा, पांढऱ्या लेसचा, आणि तो माझ्या मापाचा होता. लहानीला तो पायघोळ झाला असता. म्हणजे दोघींतली कोणती, हे तो फ्रॉक शिवायला टाकण्याआधीच ठरलं होतं. ते कोणी ठरवलं, तिनं की तू, हे मी आजवर कोणाला विचारलं नाही. लोकांनी न विचारताच कारणं सांगितली. लहानी अंगावरची, तिला कशी तोडणार. लाखनीला मोठी शाळा, मोठीचं शिक्षण होईल. सगळी कारणं बरोबर होती. पण कारण कितीही बरोबर असलं तरी मूल विचारतंच ना, की मीच का? माझ्यात काय कमी होतं?

आत्यानं एकच अट घातली होती. मी तिला आई म्हणायचं आणि तुला मामी. "पोरगी दोन्हीकडे आई म्हणत बसली तर तिचं चित्त कुठंच लागायचं नाही," असं ती म्हणाली, आणि तिच्या बाजूनं ते खोटंही नव्हतं. तू मान हलवलीस. मी मामी म्हणायला शिकले. मुलं काय, काहीही शिकतात. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तू कणिक मळत होतीस, आणि वर न बघता म्हणालीस, "बोल माय." लहानीलाही तू माय म्हणायचीस, गल्लीतल्या कोणत्याही पोरीला म्हणायचीस, आपल्याकडे म्हणतातच. पण त्या वेळी मला वाटलं होतं की ते फक्त मला म्हटलंस.

मग आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. मी चौथीत होते. आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला ठरलं, तिचे यजमान तिच्याबरोबर गेले, आणि मला तेवढे दिवस तुझ्याकडे पाठवलं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. गावात धान घरात येऊन पडत होतं, जिकडेतिकडे भाताच्या तणशीचे ढीग आणि अंगाला खाज आणणारी ती भुरकट धूळ. मला तो वास आवडायचा, लाखनीच्या दुकानात रॉकेल आणि मिरचीचा वास असायचा. पहिल्याच संध्याकाळी तू लाखोरीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी केलीस आणि माझ्या पानात भात वाढताना थांबलीस. मी किती खाते हे तुला आता माहीत नव्हतं. "पुरे?" तू विचारलंस. पाहुण्यांना विचारतात तसं. मी पुरे म्हटलं आणि अर्धपोटी उठले. लहानीनं तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा तू तिला विचारलंही नाहीस, वाढलास.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी विहिरीवर ते झालं. तू पाणी शेंदत होतीस, मी आणि लहानी कळशीपाशी उभ्या होतो. गावात नवीनच लग्न होऊन आलेली एक सून तुझ्याशी बोलत होती. "बाई, तुमाले पोरी किती वो?" तिनं सहज विचारलं. तुझा हात दोरावर होता, तो तसाच खाली-वर चालत राहिला. "एक हाये," तू म्हणालीस. "आन् ही?" "ही माह्या नंदेची. लाखनीची." ती बाई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, तोंडवळा तुमच्यासारखाच हाये.  दोन घागरी भरल्यास, एक कमरेवर, एक डोक्यावर, आणि चालायला लागलीस. तू आत्याला दिलेला शब्द पाळत होतीस, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र मी तुझ्या मागून चालत होते आणि तुझ्या टाचेला लागलेला चिखल बघत होते आणि मला एवढंच कळत होतं की मी मोजणीतून गेले. 

शाळेत मात्र बरं होतं, तेवढे दिवस मी तुझ्याच वर्गात बसायची. शाळेत सगळीच मुलं तुला बाई म्हणायची, मीही म्हणायची. दिवसातून तेवढाच वेळ मी तुला जी हाक मारत होते ती खरी होती. म्हणून मी शाळेत सारखा हात वर करायची. बाई, पाणी प्यायला जाऊ? बाई, पाटी पुसू? बाई, याला बघा. तू एकदा वैतागून म्हणालीसही, "किती वेळा बाई बाई करून राहिली वो!" सगळा वर्ग हसला. मीही हसले.

त्या आठवड्यात तू घनफळ शिकवायला घेतलंस. रात्रीचं जेवण होण्याआधी, दिवेलागणीला, तू शाळेत वाटायला येणाऱ्या सुकडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापलास. तुझं माहेर हातमागवाल्यांचं. सुताला लावायची भाताची खळ कशी शिजवायची, ती बोटाला किती चिकटली म्हणजे उतरवायची, हे तुझ्या हातातच होतं. ती खळ लावून तू दोन डबे केलेस, एक चपटा पसरट, एक उभा उंच, वर झाकणं. मी पट्टी धरली, लहानीनं खळ चाटली. तू मोजताना पुटपुटत होतीस: चपटा वीस लांब, पंधरा रुंद, चार उंच. उभा दहा लांब, आठ रुंद, पंधरा उंच. "मामी, उंच मोठा झाला ना?" मी विचारलं. "उद्या पाह्यजो," तू म्हणालीस. मला ते फार आवडलं. तू उद्याचं काहीतरी माझ्यासाठी राखून ठेवलंस असं वाटलं. उरलेल्या पुठ्ठ्याच्या चिंध्या दाखवून तू म्हणालीस की चपट्याला पुठ्ठा जास्त लागला. ते मी लक्षात ठेवलं, पण कशासाठी ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर दोन डबे, शेजारी सुपात धान आणि एक छोटी पितळी वाटी. तू विचारलंस, कोणत्या डब्यात जास्त मावेल? उंच डब्यासाठी हात वर झाले ते सगळ्यांचेच. माझाही. एक मुलगा हळूच म्हणाला, दोन्ही सारखेच असतील, नाहीतर बाईंनी विचारलं कायले असतं? तू त्याला दटावलंस, की अंदाज डब्याकडे बघून करायचा, बाईच्या तोंडाकडे बघून नाही. मग त्यालाच पुढे बोलावून चपटा डबा भरायला सांगितलंस. तो शेतकऱ्याचा पोरगा, वाटी शिगोशीग भरायला लागला, तू वरून हात फिरवून शीग पाडलीस. "सपाट. सगळ्या वाट्या सपाट." आणि त्यानं मोजायला सुरुवात केली तशी मुलंही त्याच्याबरोबर ओरडायला लागली, खळ्यावर ओरडतात तशी: लाभ, दोन, तीन, चार... बाराव्या वाटीला डबा काठोकाठ भरला.

आपल्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात, आणि मग सरळ दोन. हे त्या मुलांना चालायला लागल्यापासून माहीत होतं. मला नव्हतं. लाखनीच्या दुकानात सगळं तागडीवर, किलोत. खळ्यावरचा लाभ मी लांबून ऐकला होता आणि मला वाटायचं की ते काम सुरू करण्याआधी हात जोडतात तसं काहीतरी आहे. एक माप देवाच्या नावानं टाकायचं, आणि मग खरी मोजणी एकपासून.

उंच डबा भरायला तू मला बोलावलंस. मी वाटी भरली, हात फिरवून शीग पाडली, ओतली. "लाभ." दुसरी वाटी ओतली. "एक." तिसरी. "दोन." मुलं आधी माझ्याबरोबर ओरडत होती, मग गोंधळून गप्प झाली. तू खिडकीपाशी लहानीच्या नाकाला पदर लावत होतीस, तुझं लक्ष नव्हतं. मी नेटानं मोजत गेले. डबा काठोकाठ भरला तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "अकरा!" आणि वर्गात एकच गलका झाला. उंच डब्ब्यात कमी आलं! उंचात कमी! ज्यांनी उंचासाठी हात वर केले होते ते सगळे डोळे विस्फारून बघायला लागले. मीही बघत राहिले. मी तुझा सगळा धडा पाण्यात घालवला होता आणि मला पत्ता नव्हता.

तू टेबलापाशी आलीस. डबा बघितलास, सुपातलं धान बघितलंस. "कसं मोजलं, म्हणून दाखव." मी म्हणून दाखवलं. एरवी शाळेत तू पुस्तकातलं बोलायचीस, पण चिडलीस की घरचं तोंडात यायचं.

"त्या लाभाच्या वाटीत धान नव्हतं का वो?"

"होतं, बाई."

"डब्ब्यात पडलं का नाही?"

"पडलं."

"मंग त्याले सोडून कायले मोजलं? पहिल्याले नंबर नाही देत, नाव देतेत. म्हून का ते मोजायचं नसते? पहिलंच माप सोडशील तर कधीच बराबर नाही येणार..."

आणि तू मध्येच थांबलीस. मला वाटलं आता मार बसणार. पण तू वळलीस, फळ्याकडे गेलीस, आणि आमच्याकडे पाठ करून लिहायला लागलीस. वीस गुणिले पंधरा गुणिले चार. आठ गुणिले दहा गुणिले पंधरा. दोन्हीखाली बाराशे. बाराशेखाली रेघ ओढलीस, तिच्याखाली आणखी एक, मग आणखी एक, आणि खडू तुटला. तू बराच वेळ वळली नाहीस. वर्गात चुळबूळ सुरू झाली. मी रडत होते, कारण मला वाटत होतं की तू माझ्यामुळे इतकी चिडली आहेस की तुला माझं तोंडही बघायचं नाही. तुझे खांदे हलत होते ते मी बघितले होते गं. पण मला वाटलं की माणूस फळा पुसताना हलतं तसंच ते आहे. फळा तर तू पुसत नव्हतीस.

संध्याकाळी तू मला जवळ घेतलं नाहीस, समजावलंही नाहीस. लहानीला झोपवलंस आणि मला म्हणालीस, ये, वेणी घालून देतो. तेल लावलंस. फार वेळ लावत होतीस. केस ओढले जात होते तरी मी मान तशीच धरून बसले.

आत्या परत आल्याचा निरोप आला तेव्हा तू मुरमुऱ्याचा चिवडा केलास, शेंगदाणे आणि कढीपत्ता घालून, आणि तेच दोन डबे भरलेस. उंच मला, चपटा लहानीला. लहानीनं लगेच भोकाड पसरलं. "तिले जास्त देलं! तिचा मोठा हाये!" तू हसलीस, त्या सगळ्या दिवसांत एकदाच हसलीस, आणि दोन्ही डबे परातीत पालथे करून पुन्हा वाटीनं भरून दाखवलेस. लाभ, दोन, तीन. माझ्याकडे बघत मोजत होतीस. "पाहा, बराबर हाये. दोघींचं बराबर." लहानीला ते पटलं नाही, ती रडतच राहिली. मला पटलं. एसटीत बसल्यावर तू खिडकीतून डबा आत दिलास आणि म्हणालीस, "पोचलीस का तुह्या आईले नमस्कार सांगजो." गाडी सुटली. मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले. डबे बराबर होते. पण एक डबा घरात राहिला होता आणि एक गाडीत होता, आणि हे कोणत्याही वाटीनं मोजता येत नव्हतं. भंडारा येईपर्यंत मी झाकण उघडलं नाही. पुढे चिवडा मऊ पडला, आत्या म्हणाली टाकून दे, मी तो मऊच खाल्ला.

मीही मास्तरीणच झाले. आत्याला वाटायचं मी दुकान सांभाळावं, पण मी ऐकलं नाही. डी.एड. झाले आणि आंबागडच्या पायथ्याला पहिली नेमणूक मिळाली. मला वाटलं होतं आता मी तुला भेटेन ती एक बाई दुसऱ्या बाईला भेटते तशी, आणि मग कधीतरी विचारेन, मीच का ते. वर्षही झालं नव्हतं आणि लहानीचा निरोप आला की तुला भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं आहे. कावीळ अंगभर पसरली होती. मी पोचले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते आणि तू कोणाला ओळखत नव्हतीस. नर्सनं विचारलं, पेशंटचं तुम्ही कोण? लहानी म्हणाली, मुलगी. मी म्हणाले, भाची. इतकी सवय झाली होती की जीभ अडखळलीसुद्धा नाही.

त्या दुपारी तू एक हात चादरीवरून फिरवत होतीस. चादरीतून काहीतरी उचलायचीस, वरून तळवा फिरवायचीस आणि हवेत ओतायचीस. मी तोंडाजवळ कान नेला. तू म्हणत होतीस, "लाभ." मग थोडं थांबून, "दोन." मग हात पुन्हा चादरीवर. पुन्हा लाभ. पुन्हा दोन. नर्स म्हणाली, शेतकरीण आहेत का, धान मोजतात वाटतं. लहानी डोळे पुसत म्हणाली, "नाही वो सिस्टर, शाळा घेऊन राहिली माही माय."  संध्याकाळ व्हायच्या आत तू गेलीस.

तुला गावी नेलं. बाया जमल्या. आपल्याकडे रडतात ते नातं घेऊन रडतात, माय वो, बहीण वो, काकी वो. लहानी माय वो म्हणून तुझ्या अंगावर पडली. मी तुझ्या पायाशी बसले होते. आत्या माझ्या शेजारी होती, तिनं माझा हात धरला होता. माझं तोंड उघडलं आणि आतून "मामी वो" बाहेर आलं. मी तुझ्या देहापाशी मामी म्हणून रडले, आई. ज्यांना खरं काय ते माहीत होतं अशा दोन-चार म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडावर घेतला. मला वाटतं आत्यालाही त्या वेळी ते सोसलं नाही. तिनं माझा हात सोडला. पण सोडला तरी मला दुसरा शब्द सापडला नाही.

दोनेक वर्षांनी माझ्या वर्गात मी घनफळ घेतलं. तुझा उंच डबा माझ्यापाशी होता, कडांना चार वेळा पट्ट्या चिकटवलेला. चपटा मी नवा केला, लहानीचा वाळवीनं खाल्ला होता. मीही तसंच विचारलं, कोणत्यात जास्त? तसेच सगळे हात उंचासाठी वर झाले. एका पोरीला मोजायला उभं केलं. ती मोजायला लागली, वर्ग तिच्यामागे ओरडायला लागला. लाभ, दोन, तीन, चार, पाच... आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. धान मोजणारा माणूस दोनवर थांबत नाही. एवढं मोठं धान पुढे पडलेलं असताना दोन वाट्या मोजून पुन्हा लाभापासून कोण सुरू करतं? शाळा घेणारी बाईसुद्धा बारापर्यंत जाते. मग तू काय मोजत होतीस? जिच्या घरात मोजायला दोनच पोरी होत्या तीच तशी मोजेल. पोरगी बारावर पोचली, मुलं टाळ्या वाजवत होती, आणि मी तुझ्यासारखीच फळ्याकडे वळले. माझ्या मुलांनाही वाटलं असेल की बाई चिडल्या.

त्यानंतर किती वर्गांना मी ते डबे दाखवले याची मोजदाद नाही. दर वेळी मुलांना मी दोन गोष्टी सांगत आले. दोन्हीत मावतं सारखंच, आकारावर जाऊ नका. आणि पुठ्ठा मात्र सारखा लागत नाही, कशाला जास्त लागतो, कशाला कमी. ही दुसरी गोष्ट पुस्तकात नव्हती, ती तुझी. मला जवळ न ठेवण्यात तुझं किती गेलं आणि लहानीला जवळ ठेवण्यात किती, हे मला कळायचं नाही, पण ते सारखं नसणार, एवढं कळतं.

लहानीला मी हे कधी बोलले नव्हते. बोलायचं तर आधी तुला आई म्हणावं लागलं असतं, आणि आत्या होती. शिवाय लहानी नेहमी मलाच टोमणे मारायची, प्रेमानंच, पण मारायची. "तुले तर सगळंच भेटलं. फ्रॉक भेटले, रेडिओ भेटला, सायकल भेटली. मी तर तुहे जुने घालून मोठी झाली." मी हसण्यावारी न्यायची. तेरवी झाल्यावर परवा दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं. दवाखान्यातलं, चादरीवरच्या हाताचं. "शाळा नव्हती घेत ती," मी म्हणाले, "आपल्याले मोजून राहिली होती. लाभ, दोन."

 मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "म्हंजे लाभ तू."

"हो ना वो. पहिली मी."

"आन् मी दोन." तिचा आवाज फुटला. पन्नाशी कधीच उलटलेली, सुना आलेली बाई, लहान पोरीसारखी रडायला लागली. "तुले नाव देलं. मले नंबर. जलमभर मी तिच्याजवळ राहिली, तिचं हगणं-मुतणं काढलं, आन् मले नंबर!"

मी हादरून गेले, आई. सगळं आयुष्य मी जिचा डबा मोठा समजत आले ती माझा डबा बघून रडत होती. परातीपाशी रडली होती तशीच. मी म्हणाले, "बराबर हाये वो. दोघींचं बराबर हाये." तुझ्याच आवाजात म्हणाले, मला तसं करता येतं, इतकी वर्षं वर्गात तेच केलं. हळूहळू तिचं रडणं थांबलं. नाक ओढत म्हणाली, "खरंच?" मी म्हणाले, "खरंच. मी मोजून पाह्यलं." तिला ते पटलं असावं, कारण मग ती नातवाच्या तापाबद्दल बोलायला लागली.

हा कागद मी उंच डब्यात ठेवून देणार आहे, दुसरं कुठे टाकणार. एवढं मात्र तुला सांगायला हवं. डब्यांचं मी आयुष्यभर ओतून दाखवलं, एकदाही चुकलं नाही. पण लहानीला मी जे म्हणाले ते मी मोजून पाहिलेलं नाही. तू त्या दिवशी दवाखान्यात आम्हाला मोजत होतीस की नुसतं धान, हे मला अजून माहीत नाही.